उरलेलं खोकं

सोलापूर, १९ जानेवारी

यशपाल,

तुझ्या आईचा, म्हणजे केसरबाईचा, जय भीम. नाव मुद्दाम घातलंय. पाच वर्षांत आई विसरला असशील तर नावावरून आठवेल.

लिहितेय तुझी पुतणी तेजश्री. मी बोलते, ती लिहिते. मी 'न्हाय' म्हटलं की ती 'नाही' लिहिते, मी शिवी दिली की पेन वर उचलते. तेव्हा ह्या पत्रात तुझी आई जेवढी सभ्य दिसेल तेवढी ती नाही, हे ध्यानात ठेव. तेजू म्हणत होती, "आज्जी, मोबाईलमध्ये बोल की, आवाज जाईल काकाकडं." मी म्हटलं, मोबाईलमधला माझा आवाज तो बोटानं दाबून गप्प करतो. कागदाला तसं करता येत नाही. तो टेबलावर पडून राहतो आणि बघत बसतो.

तेजूचं लग्न ठरलंय हे तुला कळलेलं आहे. माझ्याकडून नाही. तिनं तुला परस्पर फोन केला आणि तू तो उचललास. पुतणीचा उचलतोस. असू दे. सोळा फेब्रुवारीला, रविवारी. सकाळी लग्न, संध्याकाळी विजापूर रोडच्या एका लॉनवर रिसेप्शन. नवऱ्या मुलाचं नाव दिपक, पुण्यात तेजूच्याच कंपनीत आहे. पोरगा बरा आहे. पाया पडताना माझ्या पायांकडं बघतो, मोबाईलकडं नाही.

आता कामाचं. दिपकच्या घरच्यांना रिसेप्शनला वाईन पाहिजे. कंपनीतली माणसं येणार, साहेब येणार, त्यांच्या हातात काचेचा पेला पाहिजे. लॉनचा मॅनेजर गुरुलिंग म्हणतो, "आमच्याकडं बार नाही. तुमची तुम्ही आणा, एक दिवसाचं परमिट काढा. पेले आणि बर्फ आमचा." म्हणजे आणायची का नाही हे आपल्या गळ्यात आलं. आणि आणायची म्हटली तर आपल्याच घरातला एक जण नाशकाकडं वाईनच्या कारखान्यात सुपरवायझर. तेजूनं विचारलं आणि तू म्हणालास, "पाठवतो, काळजी करू नको."

काय म्हणावं तुला? दारूपायी भावाचं तोंड बघायचं नाही म्हणून घर सोडलंस, आणि नोकरी धरलीस ती दारूच्या कारखान्यात. तेजू मला आत्ता लिहिता लिहिता शिकवतेय, "वाईन म्हणजे दारू नसते आज्जी, द्राक्षाचा रस असतो." मग हातभट्टी म्हणजे गुळाचं पाणीच की.

तुझा भाऊ ईश्वर अडीच वर्षं थेंबाला शिवलेला नाही. तुला खरं वाटत नाही म्हणून पुन्हा सांगते. चिंचोळी एमआयडीसीत वॉचमन आहे, कंपनीच्या बसनं जातो, बसनं येतो. घरी आल्यावर हात रिकामे राहिले की कापतात, म्हणून त्यानं झाडू धरला. रोज घर झाडतो. माझ्या खाटेखालचंसुद्धा. मी म्हटलं, "अरे, तितं कोण बघायला येतंय?" तर म्हणतो, "तूच म्हणायचीस की, घाण खाटेखालीच लपती." धम्मप्रिया दारात उभी राहून बघते आणि हसते. लग्नात जो नवरा मिळाला नव्हता तो बाईला आत्ता मिळालाय.

डॉक्टरनं त्या वेळी माझ्यासमोर सांगितलं होतं. लिव्हर वाळलंय, आतल्या शिरा फुगल्यात, ह्यापुढं प्याला तर रक्त ओकून जाईल. मी अडाणी म्हणून सोपं करून सांगितलं. सोपंच होतं.

म्हणून सांगते, पाठवू नको. मी नको म्हटलं तर तेजू रुसते. तू म्हटलंस तर 'माल शिल्लक नाही' एवढ्यावर भागतं. म्हातारीचं हे एवढं ऐक.

तुझी आई

(काका, मी तेजू. हे आज्जीला वाचून दाखवणार नाही. लहानपणापासून आमच्या घरात सगळं पप्पांच्या पिण्यावर ठरलं. सहलीला जायचं का, फी भरायची का, पाहुणे बोलवायचे का. आता न पिण्यावर ठरवायचं का? एक दिवस तरी माझा असू दे. पाठव.)


सोलापूर, ३० जानेवारी

यशपाल,

आज लिहितेय तुझी वहिनी. तेजू पुण्याला गेली. धम्मप्रियाचं अक्षर अंगणवाडीच्या रजिस्टरसारखं सरळ येतं आणि ही मी सांगते तेवढंच लिहिते. तेजूची मला शंका आहे. मी बोलायची थांबले तरी तिचं पेन बराच वेळ चालू होतं.

रविवारी दिपकचे आईबाप येऊन गेले. बाप मोठ्या हापिसातून रिटायर झालेला साहेब. चहा झाला, चिवडा झाला, मग वाईन निघाली. मी म्हटलं, "साहेब, सकाळी लग्नात भन्तेजी पंचशील देणार. पोरं म्हणणार, त्यांच्या मागनं आपण सगळे म्हणणार. पाचवं शील काय हाय?"

"मद्यापासून अलिप्त राहीन," साहेब म्हणाले. आधी पालीत म्हणाले, मग माझ्यासाठी मराठीत.

"मग संध्याकाळी वो?"

ते हसले. "आजी, सकाळचं सकाळी. भन्तेजी काय रिसेप्शनला थांबत नाहीत. दुपारी भोजन घेऊन जातात."

"व्हय की. जाताना पाचवं शील डब्यात घालून नेत असतील."

दिपकची आई तोंडावर पदर धरून हसली. ती मला आवडली. साहेब हसले नाहीत. थोडा वेळ भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीकडं बघत बसले आणि म्हणाले, "आजी, माझ्या बापाच्या लग्नात गावानं विहिरीचं पाणी दिलं नव्हतं. वऱ्हाड कोरड्या घशानं परत गेलं. माझ्या पोराच्या लग्नाला मोठमोठी माणसं येणार. आपण दिलेला पेला ती माणसं तोंडाला लावणार. एवढं एकदा मला बघायचंय."

ह्यावर मी बोलायला तोंड उघडलं आणि त्यात चिवडा घातला. असं माझं वर्षातून एखाद्या वेळी होतं. ते त्याच दिवशी व्हायचं होतं.

ईश्वर रिकाम्या कपांचा ट्रे घेऊन दारात उभा होता. म्हणाला, "येऊ द्या वाईन. मी सोता वाढतो."

"माझ्यामुळं आडतंय न्हवं? मग माझ्याच हातनं होऊ द्या. घरच्या लग्नात घरचा माणूस वाढतो. बासुंदी वाढली असती तसं समजायचं."

हिच्या, धम्मप्रियाच्या, हातातली चिवड्याची बशी कलंडली. ती शेंगदाणे वेचत खाली वाकली ती वर बघेचना.

साहेबांना ईश्वरचं काही ठाऊक नाही. आपण सांगितलेलं नाही. सोयरिकीत सांगत नाहीत. त्यांना वाटलं, व्याही किती हौशी आहे. त्याच्या पाठीवर थाप मारली.

तर ठरलं. आपली वाईन आपण न्यायची. मी हरले. पण आता माझं दुसरं ऐक. मालाबरोबर तू ये. वाढताना त्याच्या एका बाजूला धम्मप्रिया राहील. दुसऱ्या बाजूला मी राहिले असते, पण मला उभं राहवत नाही, आणि खुर्चीत बसून माणूस आवरता येत नाही. ती बाजू तुझी आहे.

तू का येत नाहीस ते मला कुणी सांगायला नको. तुझा बाप गेल्यावर त्याच्या पुण्यानुमोदनाला ईश्वर पिऊन आला, टेबलावर कोसळला, बाबासाहेबांच्या तसबिरीची काच फुटली, आणि तुझी सासरची माणसं पुढच्याच रांगेत. तू म्हणालास, हा ह्या घरात हाय तोवर मी पाय ठेवणार न्हाय. यशपाल, तो ह्या घरात नाही आता. तो गेला. त्याच्या जागी हा दुसराच कुणी राहायला आलाय, घर झाडतो.

धम्मप्रिया विचारतेय, "आई, अजून काय लिहू?" मी म्हटलं, तुला काय वाटतं ते लिही. ती म्हणते, "मला काही वाटत नाही." हे मी तिच्याच हातानं लिहवून घेतलंय.

तुझी आई


सोलापूर, ८ फेब्रुवारी

यशपाल,

अक्षर वळखलंस का? वळखलं असशील तर फाडू नको, खाली वाच.

धम्मप्रियाला पोलिओच्या डोसची ड्युटी हाय. म्हणून आज हा लिवतोय. तेजूसारखी माझी भाषा धुऊन काढत न्हाय. मी म्हणते तसंच लिवतो. शाळेत तुझ्यापेक्षा ह्याचं अक्षर चांगलं होतं, मास्तर तुला म्हणायचे, भावाचं बघून गिरव. ह्ये लिवताना हा हसतोय. लई दिवसांनी ह्याचे दात बघितले, निम्मे गेलेत.

हा बसलाय म्हणल्यावर काय काय बोलता येत न्हाय. म्हणून हिकडचं तिकडचं सांगते. गुरुलिंगनं परमिट ईश्वरच्या नावानं काढून दिलं. मी म्हणलं, "आयुष्यभर बिनपरमिटचा प्याला, आणि सोडल्यावर परमिट मिळालं." ह्यो म्हणला, "सरकारी काम हाय आई, येळ लागतो."

रोज सराव चाललाय. सरबताची रिकामी बाटली घेतलीय, माठातल्या पाण्यानं भरतो, मानेला रुमाल गुंडाळतो आणि आमच्या पेल्यांत वततो. एक थेंब भाईर सांडू देत न्हाय. कुणीतरी त्याला सांगितलं, शेवटी मनगट फिरवायचं म्हणजे वघळ येत न्हाय. मी दोन पेले पाणी पिले काल, 'रेड का व्हाईट, मॅडम' म्हणून. मी म्हणलं, "ज्यात खडीसाखर हाय ती दे." सरावाचं पाणी हा परत माठात वततो. आपल्याकडं चार दिवसाआड नळ येतो, इसरला नसशील.

मी इचारलं, "हात कापतो का रं?"

म्हणला, "पाण्यानं न्हाय कापत."

बाकी सगळं ठीक. तू ये. तू आलास तर मला एका जागी बसून लगीन बघता येईल. न्हाय आलास तर मी पोरीकडं बघू का ह्याच्याकडं?

शेवटचं वाक्य लिवायला हा तयार नव्हता. मी म्हणलं, मला वाचता येत न्हाय म्हणून गाळू नको, मी दुसऱ्याकडनं वाचून घेईन. तवा लिवलं.

तुझी आई

(यशा, आता मी लिहितोय. माफी कागदावर मागू नये म्हणून इतकी वर्षं थांबलो. आलास तर समोर मागेन. नाही आलास तरी माल वेळेवर पाठव, पोरीला खाली बघायला लागू नये. तसबिरीला काच बसवली आहे. — ईश्वर)


सोलापूर, २१ फेब्रुवारी

यशपाल,

हे पत्र घरातल्या कुणाकडून लिहून घेतलेलं नाही. शेजारची कमलम्मा लिहितेय, तिच्या ओसरीत, विड्या बाजूला सारून. कागदाला तंबाखूचा वास आला तर तो तिचा, माझा नाही. माझी मिसरी वेगळी.

टेम्पो आला. मी दारात खुर्ची टाकून बसले होते. ड्रायव्हरच्या शेजारून कोण उतरतंय का बघितलं. कुणी नाही. मागून खोकी उतरली. ड्रायव्हर म्हणाला, "साहेबांनी पोच घ्यायला सांगितलंय." मी अंगठा दिला. पोराच्या जागी खोकी आली, त्याला आईचा अंगठा.

लग्न चांगलं झालं. सकाळी पाचव्या शिलाला ईश्वरचा आवाज सगळ्यांत वर होता. भन्तेजींनी मान वळवून बघितलं, एवढा. मला वाटलं हा ओरडतोय का काय. नंतर कळलं, तो संध्याकाळसाठी म्हणत होता.

संध्याकाळी पांढरा शर्ट घालून टेबलामागं उभा राहिला. धम्मप्रिया एका बाजूला. दुसऱ्या बाजूला बर्फाचं पिंप. मी माझी खुर्ची त्याच्याकडं तोंड करून ठेवायला लावली. फोटोवाला येऊन सारखा मला स्टेजकडं वळवायचा, मी परत फिरायची. सगळ्या फोटोंत आज्जीची पाठ आलीय म्हणून तेजू चिडलीय. "रेड का व्हाईट, सर?" वतायचं, मनगट फिरवायचं, रुमालानं तोंड पुसायचं. बाटलीचं, स्वतःचं नाही. साहेबांनी पेला वर धरला तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. तेवढं एक बघून मला वाटलं, बरं झालं मी हरले.

दिपकचा एक चुलता आला. चांगला रंगात होता. "व्याही, वाढताय नुसतं! तुम्ही पण घ्या की थोडी."

ईश्वर म्हणाला, "माझ्या वाटणीची कवाच संपली, साहेब."

सगळे हसले. धम्मप्रिया हसली नाही, मी हसले नाही, आणि तोही नाही.

शेवटचा पाहुणा गेल्यावर त्यानं नळाखाली हात धुतले. निरम्यानं धुतले, लिंबानं धुतले, मग वास घेऊन पुन्हा धुतले. मग माझ्याजवळ येऊन जमिनीवर बसला आणि माझ्या मांडीवर डोकं टेकलं. एवढा टक्कल पडलेला बाप्या. मी म्हटलं, "ऊठ, लोक बघत्यात." उठला नाही. यशपाल, तो जिंकला. तू बघायला नव्हतास.

आता हे पत्र कमलम्माकडून का लिहवून घेतलं ते सांगते.

आम्ही निघालो तेव्हा गुरुलिंग मॅनेजर मागून एक खोकं घेऊन धावत आला. "आज्जी, तुमचा उरलेला माल. बारवाल्याचं असतं तर बारवाल्यानं नेलं असतं. हे तुमचं तुम्ही आणलेलं, आम्हाला ठेवून घेता येत नाही." इमानदार माणूस. आम्ही सगळ्यांनी सगळा विचार केला होता. कोण वाढणार, कोण बाजूला थांबणार, कोण पाळत ठेवणार. आपण नेलेली वाईन उरली तर ती आपल्याच घरी परत येते, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. ना तेजूच्या कॉलेजच्या डोक्यात, ना माझ्या.

ईश्वर पोरीला गाडीत बसवत होता. धम्मप्रिया माझ्या कानाशी म्हणाली, "आई, घरी गेल्या गेल्या मोरीत वता." मी म्हटलं, "वतते." दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "वतली का?" मी म्हटलं, "वतली. भरपूर पाणी सोडलं वरून." तर माझ्यावरच भडकली. चार दिवसाआड पाणी येतं आणि तुम्ही मोरीत सोडलं म्हणून. पाण्यासाठी मी बोलणी खाल्ली.

वतलेली नाही. माझ्या खाटेखाली आहे, जुन्या लुगड्याखाली. रोज सकाळी उठले की पायानं खोकं ढकलून बघते. जड लागलं की बरं वाटतं.

कमलम्मा लिहायची थांबली. म्हणतेय, "वद्दु आज्जी, वद्दु." नको, नको म्हणतेय तिच्या भाषेत. "आदी फेकून द्या. आमच्या घरात पण हाय की असला माणूस, मला ठाव हाय." मी म्हटलं, कमले, तू लिही.

फेकली नाही ती तुझ्यासाठी. तुझा माल आहे. तूच पोच मागितलीस, माझा अंगठा घेतलास, म्हणजे मला जबाबदार धरलंस. तर आता उरलेला माल घेऊन जायला ये. माणसाला बोलावलं तर येत नाहीस, मालासाठी तरी येशील. दुसरं कुठलं निमित्त माझ्याजवळ शिल्लक नाही. ईश्वरच्या रजेच्या दिवशी ये. खोकं उचल, चहा पी, आणि तो जे समोर मागणार आहे ते ऐकून जा. एवढंच.

लवकर ये. दुसऱ्याची वस्तू जिवाला घोर असते.

तुझी आई


सोलापूर, १४ मार्च

यशपाल,

लिहितेय धम्मप्रिया. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर चाललं नसतं.

ईश्वर गेला हे तुला फोनवर कळलं. तू मयताला आला नाहीस. तेजूनं तुला सांगितलं, "पप्पांनी माझ्याच लग्नातल्या बाटल्या चोरून ठेवल्या होत्या," आणि तू फोन ठेवलास. धम्मप्रियाचंही तेच म्हणणं आहे. त्याच्या ड्युटीच्या पिशवीत रिकामी बाटली तिलाच सापडली, डब्याच्या फडक्यात गुंडाळलेली. टेबलामागं उभं राहून वाढता वाढता सरकवली असेल, असं ती आल्यागेल्याला सांगते. पोरगी पुण्याहून आली, बापाच्या पायापाशी उभी राहिली, वाकली नाही. म्हणाली, "माझ्या लग्नातसुद्धा." आणि भिंतीकडं तोंड करून बसली.

माझं मागचं पत्र तू फोडलंस का नाही मला ठाऊक नाही. फोडलं असशील तर तेजूचं बोलणं चुकीचं आहे हे तुला तिथंच कळलं असेल आणि तू गप्प बसलास. नसशील फोडलं तर हे तरी फोड.

आता पुढचं सांगते ते तुला नाही. हिला सांगतेय. हिच्या तोंडाकडं बघून मला सांगता येत नाही, आणि कागदावर सांगायला मला हिचाच हात लागतो. म्हातारपणी अशी गंमत होते.

धम्मप्रिया, लिही. त्यानं चोरलं नाही. लग्नाच्या दिवशी तो स्वच्छ होता. खोकं मी ठेवलं होतं. मी वतते म्हणाले आणि वतलं नाही, आणि वतलं म्हणून तुला सांगितलं. माझ्या खाटेखाली होतं.

तिचं पेन थांबलंय.

लिही, बाई. तू थांबलीस तर त्याच्यावरचा आळ तसाच राहील.

लिहितेय.

तेजू सासरी गेली. तू अंगणवाडीत. घरात मी आणि तो. मी दुपारची झोपले की मला ढोल वाजला तरी ऐकू येत नाही, हे गल्लीला ठाऊक आहे. त्यानं झाडू घेतला आणि रोजच्यासारखा खाटेखाली घातला. मी सगळ्या जगाचा विचार केला, नाशकापासून पुण्यापर्यंतचा. माझं पोरगं माझ्या खाटेखालचं रोज झाडतं, एवढंच विसरले. लुगडं बाजूला केल्यावर त्याला काय वाटलं असेल? आईनं ठेवलीय असं वाटलं असेल. माझ्यासाठी ठेवलीय, का माझी परीक्षा बघायला ठेवलीय? त्यानं मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं?

मी रोज पायानं ढकलून बघत होते. रोज जड लागायचं. शेवटच्या सकाळीसुद्धा जड लागलं. म्हणून मोरीत तो वाकला आणि मोरी लाल झाली तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, कुठून तरी वाईन आणून प्याला आणि ओकला. वाईन नव्हती ती. डॉक्टरनं मला सोपं करून सांगितलं होतं की. सिव्हिलमध्ये नेईपर्यंत रिक्षात त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ह्या वेळी मी ऊठ म्हटलं नाही.

काल घरात कुणी नव्हतं. खाटेखाली आता कुणी झाडत नाही, जाळं झालंय. खोकं ओढलं. जडच. एक कमी, पण बाकीच्या बाटल्या भरलेल्या, बुचं जागच्या जागी. मी म्हटलं, म्हणजे ह्यातली ती एकच घेतली होती, एवढ्यानं कसा गेला? एका बाटलीचं बूच दातानं ओढलं, हातावर घेतलं, वास घेतला, जिभेला लावलं. पाणी. दुसरी, पाणी. तिसरी, पाणी. आपल्या माठातलं, वाळ्याचा वास असलेलं. तो एकेक रिकामी करत गेला आणि भरून ठेवत गेला. चार दिवसाआड येणारं पाणी. एक थेंब भाईर न सांडता. मला जड लागावं म्हणून.

मी रोज सकाळी काय बघते ते त्यानं बघितलं होतं.

एवढंच. आता हिनं ठरवायचं, तेजूला काय सांगायचं ते. मला ही काही बोललेली नाही. लिहितेय मात्र, सरळ रेषेत.

यशपाल, रविवारी पुण्यानुमोदन आहे. भन्तेजी येतील, पंचशील म्हणतील, पाचव्यापाशी माझा आवाज निघणार नाही, तेव्हा कुणीतरी पाहिजे म्हणायला. तुझ्या बापाच्या वेळची तसबीर तीच आहे, काच त्यानं बसवलेली. आता तू घातलेली अट पुरी झाली. तो ह्या घरात नाही. पाय ठेव.

आणि तुझा माल इथंच पडून आहे. मी दारू वतायची होती ती वतली नाही. त्यानं भरलेलं पाणी माझ्यानं वतवत नाही. ते तू येऊन वत.

तुझी आई

(भावजी, आईंना वाचता येत नाही म्हणून इथं लिहिते. तेजूला फोन केला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, पप्पांचे पाय आता कुठं मिळणार. ती उद्या येते आहे. आईंना हे अजून सांगितलेलं नाही. सांगेन का, ठाऊक नाही. — धम्मप्रिया)